कोल्हापूरहून आईवडील आणि मुलांना घेऊन डिसेंबरात सहा दिवस : अंदमान की लक्षद्वीप?

अंदमानच घ्या. लक्षद्वीपला प्रवेश परवाना आधी काढावा लागतो, राहायच्या जागा मोजक्याच. अंदमानातल्या पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), हॅवलॉक (स्वराज द्वीप), नील (शहीद द्वीप) इथे आपल्याला परवाना नको. कोल्हापुरातून थेट विमान दोन्हीकडे नाही, पुणे किंवा बंगळूरसारखं दुसरं विमानतळ गाठावंच लागतं. विभागणी अशी : पोर्ट ब्लेअर १ रात्र, हॅवलॉक २, नील १, आणि परतीच्या आदली रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरलाच. हे मोडू नका. समुद्र खवळला की बेटांमधली फेरीबोट रद्द होते आणि विमान चुकतं. घड्याळ आपलंच, पण बेटं बरीच पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. फिरणं सकाळी उरका. फक्त उथळ, शांत पाण्यात मुलांना मासे दाखवायचे असतील, तर मात्र लक्षद्वीपचं अगत्ती बेट सरस.