पगारावर जप्ती आली म्हणजे सगळा पगार गेला का?

कार लोन थकलं, आता पगार जप्त होणार, ऑफिसात सगळ्यांना कळणार, ही भीती घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात. त्यातला एक अनुभव सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तिशीतला मुलगा, खाजगी नोकरी. मधे काही महिने काम नव्हतं तेव्हा हप्ते थकले, बँकेने गाडी उचलली, लिलावात विकली, आणि याने मनाशी धरलं की गाडी गेली म्हणजे कर्जही मिटलं. तसं नसतं हो. लिलावाचे पैसे वजा जाऊन जे उरतं ते आपल्याच नावावर राहतं, वर व्याज चालूच. बँकेने दावा लावला, समन्स आलं, याने पाकीट न फोडताच कपाटात कपड्यांखाली सरकवलं, बायकोला दिसू नये म्हणून. हा हजरच न राहिल्याने एकतर्फी निकाल लागला, बँकेने वसुलीची दरखास्त, म्हणजे निकालाप्रमाणे पैसे वसूल करून द्या असा अर्ज, टाकली आणि एक दिवस एचआरने बोलावून कोर्टाचा आदेश दाखवला.

"मॅडम, राजीनामा लिहून ठेवलाय. पगारच मिळणार नसेल तर जाऊन करू काय, आणि तिथे तोंड कसं दाखवू?"

झोप उडालेली, जेवण तुटलेलं. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का, हे मी सरळ विचारलं. नाही म्हणाला, पण विचारल्यावर रडला, आणि मग बोलायला लागला.

मग कागद घेतला आणि हिशोब मांडला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे अशा कर्जाच्या वसुलीत पगारातले पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. म्हणजे पगार 40,000 धरला तर 1000 बाजूला, राहिले 39,000, त्यातले 13,000 कापले जातील आणि 27,000 हातात येतील. तेही कायमचं नाही, एकाच हुकूमनाम्यासाठी (म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा निकाल) एकूण 24 महिने जप्ती झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार पुन्हा धरता येत नाही. (बाकी देणं मात्र त्याने माफ होत नाही.) पीएफ आणि ग्रॅच्युइटीलाही कायद्याचं संरक्षण आहे. हे ऐकून तो बराच वेळ त्या 27,000 कडे बघत बसला, कारण इतके दिवस त्याच्या डोक्यात आकडा शून्यच होता.

राजीनाम्याबद्दल मी स्पष्ट बोलले. नोकरी सोडली तरी हुकूमनामा तसाच राहतो, नव्या नोकरीतला पगारही धरता येतो, मधल्या काळात घर कशावर चालणार?

आणखी एक गोष्ट, वसुलीवाले फोनवर "उद्या एचआरला लेटर पाठवून पगार थांबवतो" म्हणतात तेव्हा लोक हादरतात. नुसत्या बँकेच्या पत्राने पगारातून अशी जप्ती होत नाही, त्यासाठी कोर्टाचा हुकूमनामा किंवा लवादाचा (कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचाचा) निवाडा आणि मग कोर्टाचा जप्ती आदेश लागतो. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करू नयेत असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. पण जप्ती कोर्टाच्या वाटेनेच येते, म्हणूनच कोर्टाचं किंवा लवादाचं पाकीट आलं तर त्याच दिवशी फोडा, कारण तिथे हजर राहून हप्त्यांनी फेडायची मुभा मागता येते, आकड्यावर हरकत घेता येते, नंतर ती वाट फार अरुंद होते.

सगळ्यात अवघड होतं बायकोला सांगणं. दोघांना एकत्र बसवलं. ती चिडली, पण कर्जावर नाही, लपवल्यावर. दोन दिवस बोलली नाही म्हणे, मग स्वतःच वही काढून खर्च मांडायला बसली.

वकिलाने एकतर्फी निकाल रद्द करायचा अर्ज कितपत टिकेल ते पाहिलं. समन्स घरी पोचलेलं, त्यामुळे बाजू कमजोर होती. म्हणून बँकेकडून खात्याचा उतारा आणि लिलावाचा हिशोब मागवला, तडजोडीची रक्कम ठरली, हप्ते बांधले. वकिलाने एक गोष्ट त्याला बजावून सांगितली जी मी आता प्रत्येकाला सांगते: हुकूमनाम्यानंतर बँकेशी परस्पर तडजोड केली किंवा पैसे भरले तर त्याची नोंद कोर्टात करून घ्या, नाहीतर वसुलीचं कोर्ट ते पैसे हिशोबात धरत नाही. त्याने ती नोंद करून घेतली आणि पगारातली कपात थांबवण्याचा कोर्टाचा आदेश स्वतः एचआरकडे नेऊन दिला.