नाकातून दिलेल्या लसीचा गुण किती टिकतो?

प्रश्न : परागकणांच्या ॲलर्जीसाठी गेल्या हंगामाआधी डॉक्टरांनी नाकात फवारायची इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराला त्या परागांची सवय लावणारी लस दिली. त्या हंगामात शिंका खूपच कमी झाल्या. आता थांबवली तर हा गुण कायम राहील का? शिवाय फवारल्यावर लगेच नाक गळतं, ते का?

उत्तर : एका हंगामापुरत्या उपचारावर कायमचा भरवसा ठेवू नका. या पद्धतीत परागकणांचा अर्क फक्त नाकाच्या अस्तराला सवय लावतो. उपचार थांबला की ही सवय हळूहळू सुटते, म्हणून तो दर हंगामाआधी पुन्हा घ्यावा लागतो. डोळ्यांची खाज किंवा दमा यांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

थांबवल्यानंतरही टिकणारा परिणाम दिसला आहे तो इंजेक्शनच्या किंवा जिभेखालच्या गोळीच्या मार्गाने, आणि तोही दीर्घ उपचारानंतर. गवताच्या परागांवर ३-४ वर्षे इंजेक्शने घेतलेल्यांना थांबवल्यावर पुढची ३ वर्षे आराम राहिल्याचं १९९९ साली प्रसिद्ध झालं. जिभेखालची गोळी ३ वर्षे घेतल्यावर पुढची २ वर्षे फायदा टिकला. २ वर्षांतच थांबवलेल्यांना मात्र वर्षभराने प्लॅसिबोपेक्षा (औषध नसलेल्या बनावट उपचारापेक्षा) वेगळा फायदा उरला नाही, हे २०१७च्या चाचणीत दिसलं. बरं वाटलं म्हणून दोन वर्षांत सोडून देणारे रुग्ण इथेच फसतात. टिकाऊ आराम हवा असेल तर ३ वर्षांची तयारी ठेवूनच सुरुवात करा.

आता नाक गळण्याबद्दल. ज्याची ॲलर्जी तेच नाकात जातं, त्यामुळे शिंका आणि पाणी येणं अपेक्षितच. या त्रासामुळेच अनेकजण उपचार अर्धवट टाकतात. आधी क्रोमोग्लायकेट या ॲलर्जी रोखणाऱ्या औषधाचा फवारा मारल्यास हा त्रास कमी होतो. वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मात्रा वाढवल्यावर त्रास वाढला तर पुढची पायरी स्वतःहून चढू नका, आधी विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्क फुप्फुसात जाऊ देऊ नका. फवारताना नाकाने श्वास ओढू नये. तोंडाने खोल श्वास घ्या, मग मोठ्याने स्वर उच्चारत राहा आणि त्याच वेळी फवारा. आवाज निघताना हवा बाहेर जात असते, त्यामुळे अर्क खाली उतरत नाही. हे चुकलं तर दमेकऱ्याला धाप लागू शकते. दमा आटोक्यात नसेल तर हा उपचार सुरूच करू नये.

येत्या हंगामात रोज शिंका, वाहतं नाक, चोंदलेलं नाक आणि खाज यांना ० ते ३ गुण देऊन वहीत लिहा, म्हणजे दिवसाचे जास्तीत जास्त १२ होतात. त्या दिवशी घेतलेलं औषधही नोंदवा. नाहीतर त्या औषधाने आलेला आराम लसीच्या नावावर जमा होतो. ही वही पाहून डॉक्टरांना मार्ग बदलायचा की नाही ते ठरवता येईल.