स्पीकरचं नंतर बघू, आधी सांगा विमा कुणाच्या जिवावर आहे?

पत्र, थोडक्यात: "वय ३९. घरात पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी, कमावता मी एकटाच. गाणं ऐकायला वेगळी खोली आहे, ४.३ बाय ३.४ मीटर. छोटे बुकशेल्फ स्पीकर काढून जमिनीवर उभे राहणारे मोठे फ्लोअरस्टँडिंग घ्यायचे आहेत. हा शेवटचा अपग्रेड. किंमत सात पगारांइतकी. सगळी बचत, जुन्या जोडीचे पैसे आणि उरलेले अठरा बिनव्याजी हप्त्यांत. रोख दिल्यास ८ टक्के सूट आहे, पण व्याज नसेल तर हप्ते काय वाईट? शिवाय चांगले स्पीकर ही गुंतवणूकच. मुलीच्या शिक्षणाची पॉलिसी तीन वर्षांपूर्वीच घेतली आहे, त्यामुळे ती काळजी नाही. घेऊ का?"

"ती काळजी नाही" हे वाक्य वाचून मी स्पीकरचा कागद बाजूला सारला आणि तुम्ही पाठवलेला पॉलिसीचा फोटो मोठा करून पाहिला. विमा ज्याच्या जिवावर आहे त्या रकान्यात तुमच्या मुलीचं नाव आहे. तुमचं नाव आहे फक्त हप्ते भरणारा म्हणून.

म्हणजे उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून घरी काहीच येणार नाही. उलट पुढचे हप्ते भरत राहणं तुमच्या पत्नीच्या गळ्यात पडेल. कमावता गेल्यावर हप्ते माफ होण्याची तरतूद असते, पण तुमच्या कागदावर त्या चौकोनात "नाही" अशी खूण आहे. सहा वर्षांच्या मुलीच्या पगारावर घर चालत नाही, मग तिच्या जिवाचा विमा कशासाठी? विकणाऱ्याला हा प्रश्न पडला नाही, कारण कमिशन कुणाच्याही जिवावर मिळतं.

आता आकडे. तुमचे खरे आकडे इथे मांडायचे नाहीत, म्हणून महिन्याचा पगार १०० धरतो. घरखर्च ६०, पॉलिसीचा हप्ता १५, शिल्लक २५. बँकेत ४००. नोकरीतून मिळणारा विमा २४ पगारांचा, म्हणजे २,४००. महिना ६० ने तो ४० महिने पुरेल. तुमच्या माघारी मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच पैसे संपलेले असतील, आणि नोकरी सुटली तर हा विमाही त्याच दिवशी सुटतो. पंधरा वर्षांचा घरखर्च धरला तर १०,८०० होतात. नोकरीचे वजा करून निदान ८,४०० चा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा, तुमच्या जिवावर हवा. परतावा नाही, बोनस नाही, "पैसे परत"वाला प्रकार तर मुळीच नको. अर्जात तब्येतीबद्दल काहीही लपवू नका.

पॉलिसीच्या परताव्याचंही बघून घेऊ. वर्षाला १८० प्रमाणे पंधरा वर्षांत २,७०० भराल आणि तक्त्यात शेवटी ३,९०० दाखवलेत. "जवळजवळ दीडपट" ऐकायला छान वाटतं. पण पैसा सरासरी आठ वर्षं अडकतो, त्यामुळे वर्षाचा दर पडतो साडेचार टक्के. त्यातही हमी फक्त ३,००० ची, बाकीचं बोनसच्या आशेवर. शिक्षणाचा खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतो असं धरलं, तरी मुलगी अठराची होईपर्यंत तो दुप्पट होईल.

मग मोडून टाकू? थांबा. आज मोडली तर भरलेल्या ५४० पैकी १९० हातात येतात. त्याऐवजी हप्ते बंद करून पॉलिसी "पेड-अप" करता येते का, ते कंपनीकडून लेखी घ्या. पंधरापैकी तीन हप्ते भरलेत, म्हणून हमीच्या रकमेचा पाचवा भाग, ६००, बारा वर्षांनी मिळायला हवा. आजचे १९० बारा वर्षांत ६०० होणार असतील तर तो वर्षाला १० टक्के दर झाला, हमीसकट. या पॉलिसीतली एवढीच काय ती चांगली गोष्ट, आणि ती विकताना कुणी सांगितली नसणार. मोकळ्या झालेल्या १५ मधून आधी टर्मचा हप्ता, उरलेले मुलीच्या नावाने तुम्ही स्वतः गुंतवा. क्रम मात्र चुकवू नका: टर्म विमा मंजूर होऊन कागद हातात आल्यावरच जुना हप्ता थांबवा.

आता स्पीकर. किंमत ७००, जुन्या जोडीचे १२०, बचतीतले ४००, उरलेल्या १८० चे महिना १० प्रमाणे अठरा हप्ते. बिनव्याजी? रोख किंमत ६४४ आहे. तुमच्या ५२० नंतर कमी पडतात १२४. म्हणजे १२४ उसने घेऊन तुम्ही १८० फेडणार. वर्षाचा दर ५० टक्क्यांच्या घरात जातो. आणि बँकेत राहणार शून्य.

गुंतवणुकीचं म्हणाल, तर बीबीसीने १९७०च्या दशकात तयार केलेल्या एलएस३/५ए सारख्या मोजक्या जोड्यांना आजही चांगला भाव मिळतो, पण त्यावरून बाकीच्यांचा हिशेब मांडू नये. तुमची जोडी दुकानदार कितीला घेतोय, ते तुमच्याच पत्रात आहे.

"शेवटचा अपग्रेड" हे शब्द मी अनेकांकडून ऐकलेत, काहींकडून तीन-तीनदा. तुमच्या आताच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेवर किती मोठा आवाज निघतो ते माप, ८९ डेसिबल, नव्याची ८६. तीन डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॉट. तुमचा ५० वॉटचा अँप्लिफायर मग अपुरा वाटायला लागेल, आणि पुढचं पत्र त्याचं येईल.

तुमची तक्रार आहे की खालचे सूर घुमतात आणि गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडतात. हा दोष स्पीकरपेक्षा खोलीचा वाटतो. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे अगदी खालचे, सूर फुगतात, ३.४ मीटर रुंदीमुळे ५० च्या आसपासचे. फोटोत तुमची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली दिसते, तिथे तो फुगवटा सर्वांत जास्त. २८ हर्ट्झपर्यंत उतरणारे मोठे स्पीकर आणलेत तर घुमणं वाढेलच. खुर्ची मीटरभर पुढे घ्या, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. महिनाभर तसंच ऐका.

त्यानंतरही हवेच असतील तर नवी जोडी घरी आणून ऐका, दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर ठेवून आणि जमल्यास पडद्याआड. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी-संशोधकांनी १९९४ साली तेच स्पीकर लोकांना झाकून आणि दाखवून ऐकवले, तेव्हा नुसतं दिसल्यानेही पसंती बदलली होती.

अठरा महिने हप्ते भरायची तयारी आहेच ना? त्याऐवजी महिना २५ प्रमाणे एकवीस महिने साठवा: ५२५, अधिक जुन्या जोडीचे १२०, झाले ६४५. रोख द्या, सूट पदरात पाडून घ्या. बँकेतल्या ४०० ना हात लावायचा नाही.