थर्म, घर्म, गरम आणि आपला घाम

प्रश्न असा आलाय. थर्मल पॉवर स्टेशनला मराठीत औष्णिक वीज केंद्र म्हणतात, थर्मोडायनॅमिक्सला उष्मागतिकी आणि थर्मामीटरला तापमापी. ग्रीक शब्द एकच, मग मराठीत तीन वेगवेगळे कशाला आणि त्यातला खरा कुठला? विचारणारे डिप्लोमा मेकॅनिकलला आहेत. त्यांच्या सरांनी म्हणे असंही सांगितलं की गरम हा फारसी शब्द, परका, म्हणून तो परिभाषेत घेतला नाही, शुद्ध लिहायचं तर उष्णच लिहा.

आधी तापमापीचं उरकतो कारण उन्हाळा आला की माझं डोकं याच्यावरूनच उठतं. टीव्हीवर खाली पट्टी फिरत असते, "विदर्भात ४५ अंश उष्णता". अहो उष्णता अंशात मोजत नाहीत! अंश तापमानाचे, उष्णता ज्यूलमध्ये नाहीतर कॅलरीत. आणि दुसरं ते "तापमान खूप गरम आहे", तापमान कसं गरम असेल, हवा गरम असते, तापमान जास्त असतं, उंची काय उंच असते का. फुलबाजीची ठिणगी हजार अंशाच्या वर असते तरी हातावर पडली तर नुसती टोचते, कारण तिच्यात देण्यासारखी ऊर्जा चिमूटभरच. अंघोळीच्या पाण्याची बादली ४० अंशाची, पण थंड होता होता ती त्या ठिणगीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता बाहेर टाकते. हा फरक नीट पकडला तो ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकनं, १७६० च्या आसपास. बर्फ वितळताना खालून उष्णता देत राहा, देत राहा, तापमापी शून्यावरून हलतच नाही, ग्रॅममागे ३३४ ज्यूल आत जातात आणि पारा तिथंच. ती कुठं गेली? लपली. म्हणून लेटंट, आपल्या पुस्तकात अप्रकट उष्मा.

तर ग्रीकांच्या नावानं बनवलेला थर्मामीटर हा शब्दच मुळात घोटाळ्याचा आहे, तो उष्णता मोजतो असं त्याचं नाव सांगतं आणि तो मोजतो तापमान. आपण तापमापी म्हणालो ते जास्त बरोबर. उष्णता मोजायचं भांडं वेगळं, ते कॅलरीमापी. म्हणजे तीन शब्द का याचं एक उत्तर इथंच मिळालं, बनवणाऱ्यांनी ग्रीक शब्दाकडं न बघता कामाकडं बघितलं. उष्ण आणि उष्मा दोन्ही उष् म्हणजे जाळणे या धातूचे, ताप हा तप् चा. यांचेही भाऊबंद बाहेर आहेत, उष् चा लॅटिनमधला भाऊ म्हणजे इंजिनवाल्यांच्या कम्बस्चनमधला तो उस्ट, आणि तप् चा भाऊ इंग्लिश टेपिड. असो, ते दोन्ही सरळ आहेत, त्यात फार मजा नाही.

मजा आहे ती थर्ममध्ये, कारण थर्मचा सख्खा भाऊ या तिन्ही मराठी शब्दांत कुठंच नाहीये. तो आहे तुमच्या कपाळावर. घाम.

कसं ते बघा. संस्कृतात घर्म, त्याचा पहिला अर्थ ऊन, गरमी, ऊष्मा. सूर्याला घर्मांशु म्हणतात तो त्यातूनच. घर्मचं प्राकृतात घम्म, आणि घम्मचं मराठीत घाम, जसं कर्मचं कम्म आणि काम, चर्मचं चम्म आणि चाम. इथपर्यंत कुणाचा वाद नाही. आता मागं जा. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी या सगळ्यांच्या आधीच्या आद्य भाषेत एक असा ध्वनी मानतात की ज्यात घ आणि व एका दमात म्हटलेत. हा ध्वनी प्रत्येक घरात वेगळा झाला. संस्कृतात घ राहिला, इराणी भाषांत ग, लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला फ, आणि ग्रीकमध्ये ए या स्वरापुढं चक्क थ. म्हणून आपलं घर्म, इराण्यांचं गर्म, लॅटिन फोर्मुस आणि ग्रीक थेर्मोस, चौघांचा अर्थ गरम. आर्मेनियन लोकांचं जेर्म पण त्यातलंच. लॅटिनमध्ये भट्टीला फोर्नाक्स, त्याचं इंग्लिशमध्ये फर्नेस झालं, आणि त्या फोर्नाक्सचा आपल्याकडचा भाऊ म्हणजे घृण, अर्थ ऊन, धग. घृणा हा शब्द त्याच घरातला! संस्कृतात घृणा म्हणजे आधी दया, मन पाघळणं, किळस हा अर्थही संस्कृतातच तिला चिकटला आणि मराठीत तेवढाच उरला. ग्रीसमध्ये थर्मोपिली नावाची खिंड आहे, इसपू ४८० ची लढाई झाली ती, नावाचा अर्थ गरम दरवाजे, कारण तिथं गरम पाण्याचे झरे आहेत. म्हणजे वज्रेश्वरी आणि थर्मोपिली एकाच कारणानं प्रसिद्ध व्हायला हरकत नव्हती.

एका शब्दावरून नियम कसा मांडता असं विचारतील, म्हणून दुसरी जोडी देतो. संस्कृत हन् म्हणजे मारणे, ज्याचं घ्नन्ति होतं, घन म्हणजे हातोडा होतो, शत्रुघ्न होतो, त्याचा ग्रीक भाऊ थेइनो, मारतो. पुन्हा घ आणि थ समोरासमोर. ग्रीकमध्ये उन्हाळ्याला थेरोस म्हणतात त्याच्या समोर संस्कृतात हरस्, अर्थ ज्वाला, उष्णता, इथं घ चा ह झालाय, घन आणि हन् मध्ये दिसतो तसाच. हे योगायोग नाहीत.

आता इथं दोन टोळ्यांशी माझं भांडण आहे आणि दोन्हीकडं तितकंच.

पहिली टोळी म्हणजे मोबाइलवर फॉरवर्ड येतात ती. "थर्मामीटर हा शब्द घर्ममात्र या संस्कृत शब्दापासून चोरलाय." नाही हो! भाऊ म्हणजे बाप नव्हे. ग्रीकांनी आपल्याकडून घर्म उचलला असता तर त्यांच्याकडं ग होता, ख सारखा ध्वनी होता, त्यांनी गंगेला गांगेस म्हटलंच की, घ ऐकून कुणी थ लिहीत नाही. घ चा थ उधारीत होत नाही, तो हजारो वर्षांच्या वेगळ्या संसारात होतो. आणि हीच गोष्ट जास्त मोठी नाही का, की कुणी कुणाचं न उचलता हा शब्द दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहिला? चोरीची गोष्ट सांगून तुम्ही त्याची किंमत कमी करताय. याच टोळीतले लोक इंग्लिश वॉर्मलाही याच कुळात बसवतात. त्याबद्दल जाणत्या लोकांतच मतभेद आहेत, काही जण वॉर्मला वेगळ्याच धातूचा मानतात, आणि मी त्यांच्या बाजूचा. हन् च्या कुळात इंग्लिशमध्ये बेन म्हणजे घात हा शब्द आहे, त्यात त्याच आद्य ध्वनीचा ब मिळतो, मग वॉर्ममध्येच व कसा आला ते मला पटेल असं कुणी सांगितलेलं नाही.

दुसरी टोळी शुद्धीवाल्यांची, म्हणजे त्या सरांची. गरम फारसीतून आला हे खरंच आहे, मी कुठं नाही म्हणतो. पण परका? इराणात केरमानशाहजवळ बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहूनं, म्हणजे पहिल्या डरायसनं, इसपू ५२० च्या सुमाराला लेख कोरवलाय, त्यात एका महिन्याचं नाव गर्मपद आहे. भर उन्हाळ्याचा महिना. हा गर्म म्हणजे आपला घर्मच, शेजारच्या घरात वाढलेला. आपल्या घरच्या घर्मचा घाम झाला, त्याचा मूळचा गरमीचा अर्थ आपण हरवला, आणि मग शेजारच्या घरून त्याचा भाऊ गरम येऊन ती रिकामी जागा भरून बसला. त्याला परका म्हणून हाकलणाऱ्यांनी रोजच्या बोलण्यात एकदा "उष्ण चहा" म्हणून दाखवावं. मराठी माणूस चहा गरमच पितो.

आता माझा लाडका मुद्दा, जो मला कुठल्या कोशात सापडलेला नाही, माझा मीच मांडतोय. गरमीचा घाम कसा झाला? आणि सगळीकडं का नाही झाला? नेपाळीत आजही घाम म्हणजे ऊन. घाम लाग्यो म्हणजे ऊन पडलं, घाम ताप्नु म्हणजे उन्हात शेकत बसणं. अवधी, भोजपुरीतही घाम म्हणजे ऊन. गुजरातीत घाम म्हणजे उकाडा. आणि मराठी, कोंकणी, बंगालीत घाम म्हणजे अंगावरचं पाणी. नकाशावर ठेवून बघा! कोकण, गोवा, बंगाल, सगळा दमट समुद्रकाठ, तिथं शब्द पाण्यावर आला. डोंगरात आणि उत्तरेच्या कोरड्या मैदानात तो उन्हावरच राहिला. गुजरात मध्ये लटकलेला, तिथं अर्थही मधलाच, उकाडा.

याचं कारण मला थर्मोडायनॅमिक्समध्ये दिसतं. माणूस नुसता बसला तरी शरीर सेकंदाला साधारण १०० ज्यूल उष्णता तयार करतं, ती बाहेर टाकावीच लागते. वहन, अभिसरण, प्रारण हे तीन रस्ते शाळेत सगळे शिकतो, पण त्वचा असते साधारण ३५ अंशाला, हवा आणि आजूबाजूचं सगळं ४२ ला गेलं की हे तिन्ही रस्ते उलटे वाहायला लागतात, उष्णता आपल्या आपण थंडाकडून गरमाकडं जात नाही हे जर्मन शास्त्रज्ञ क्लाउसियसनं १८५० मध्ये मांडलं ते हेच. मग उरतं एकच, बाष्पीभवन. ग्रॅमभर घाम वाळला की जवळपास २४०० ज्यूल घेऊन जातो, तासाला १५० ग्रॅम वाळला तर बसलेल्या माणसाचं भागतं. बाहेरून आत येणारी उष्णता आणि अंगमेहनत यांचा हिशोब वेगळा, तो वरून जोडायचा. पण शब्द वाळला हा आहे, गळला नाही! टपकून खाली पडलेला घाम काहीच नेत नाही. कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो, माणसाला अंगावर दिसत नाही, त्याला दिसतं ते ऊन. दमट हवेत वाफ आधीच भरलेली, घामाला उडायला जागा नाही, तो अंगावरच राहतो, शर्ट चिकटतो, आणि माणसाला गरमी म्हणून जे जाणवतं ते हे पाणीच असतं. मग गरमीचा शब्द पाण्यालाच चिकटणार नाही तर काय.

यावर एकानं मला ऐकवलं की हे सगळं कल्पनेचं आहे, घर्मचा घाम हा अर्थ संस्कृतातच आलेला होता, आणि मराठीत उन्हासाठी उष्णपासून आलेला ऊन शब्द होता म्हणून घाम मोकळा झाला, हिंदीत पसीना होता म्हणून तिथं घाम उन्हाकडं राहिला, हवामानाचा काही संबंध नाही. पहिला भाग मला मान्यच आहे. संस्कृतात दोन्ही अर्थ होते म्हणूनच तर प्रत्येक भाषेला निवडायला वाव मिळाला. दुसरा भाग म्हणजे अंडं आधी की कोंबडी. ऊन होता म्हणून घाम सरकला का घाम सरकला म्हणून ऊन लागला, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मराठवाडा, खानदेश तर कोरडे आहेत, तिथंही घाम म्हणजे घामच, असाही आक्षेप येतो. पण एकदा भाषेत अर्थ बसला की तो घाट चढून जातोच, प्रत्येक तालुक्याला वेगळी निवड करायची मुभा नसते.

आणि या दोन अर्थांची गाठ किती जुनी आहे ते ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बघा, बेडकांचं सूक्त आहे, १०३ वं. पाऊस पडल्यावर बेडूक बाहेर येतात त्यांना कवी यज्ञातल्या पुरोहितांची उपमा देतो. "अध्वर्यवो घर्मिणः सिष्विदानाः". घर्म म्हणजे इथं प्रवर्ग्य नावाच्या यज्ञविधीतलं तापवलेलं दुधाचं भांडं, ते सांभाळणारे अध्वर्यू, सिष्विदानाः म्हणजे घामाघूम झालेले. घर्माशेजारी उभे राहून घाम आलेले! घाम यासाठी तिथं स्विद् हा दुसरा धातू आहे, ज्याचा इंग्लिश भाऊ स्वेट, पण घर्म आणि घाम असे खांद्याला खांदा लावून उभे आहेत. ही ओळ मला जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा वाटतं की अर्थ बदलायची सुरुवात अशाच एखाद्या चुलीपाशी झाली असणार.

हां, उष्मागतिकीचं राहिलंच. थर्मो-डायनॅमिक हा शब्द विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननं, १८४९ मध्ये वापरला, विषय होता वाफेचं इंजिन, उष्णतेतून काम किती निघतं. तेव्हा तिथं उष्मा बरोबर आहे, ताप चालला नसता. औष्णिकही ठीक, उष्णचं सरळ विशेषण आहे, बदलायचं कारण नाही. परीक्षेत तिन्ही आहेत तसे लिहा. उष्मागतिकी ऱ्हस्व की दीर्घ असंही शेवटी विचारलंय, तर संस्कृतात उष्मन् आणि ऊष्मन् दोन्ही आहेत, त्यामुळं दोन्ही चालतं, मी स्वतः ऱ्हस्व लिहितो. आणि व्याकरणात श, ष, स यांना उष्मे म्हणतात तो हाच शब्द, तोंडातून गरम वाफ सुटते म्हणून. त्यांचं दुसरं नाव घर्षक. घर्षणातून उष्णता येते हे रमफर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं १७९८ मध्ये तोफांना भोकं पाडताना पाणी उकळवून दाखवलं, आणि आपल्या वर्णमालेत उष्मा आणि घर्षण एकाच तीन अक्षरांवर बसलेत, याच्यावर मात्र वेगळं लिहावं लागेल.

चंद्रपूर, गडचिरोली, नंदुरबारकडच्या कुणाच्या घरी जुनी माणसं घाम हा शब्द उन्हासाठी किंवा उकाड्यासाठी वापरत असतील तर गाव आणि पूर्ण वाक्य दोन्ही कळवा.