गाडी अविन्योंला घ्या, पॅरिसला नको

प्रश्न: आम्ही जूनच्या शेवटी १० दिवस फ्रान्सला चाललोय, मी, नवरा, सासूबाई आणि ८ वर्षांची लेक. पॅरिसला उतरून विमानतळावरच गाडी घ्यायची आणि लुआरचे राजवाडे, दोर्दोन्य, प्रोव्हान्स, जमलं तर परतताना आल्झास, असं सगळं करायचा बेत आहे. नवरा इथे रोज गाडी चालवतो, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने आयुष्यात चालवलेली नाही. जमेल ना?

उत्तर: ताई, गाडी चालवायला जमेल, हा बेत नाही जमणार. नकाशावर बोट फिरवलं की सगळं शेजारी-शेजारी दिसतं, पण दोर्दोन्यहून प्रोव्हान्सला जायलाच अख्खा दिवस जातो आणि आल्झास तर पार जर्मनीच्या सीमेला. शिवाय गावाकडच्या रस्त्यांवर मर्यादा ताशी ८० (काही जिल्ह्यांनी ती परत ९० केलीय), गाव आलं की ५०, कुठेकुठे ३०, वर मध्येच ट्रॅक्टर, म्हणजे तासाला ५० किलोमीटर पदरात पडले तरी पुष्कळ म्हणायचे. माझं ऐकाल तर एकच भाग निवडा. जूनअखेर म्हणजे प्रोव्हान्सच, कारण वालांसोलच्या पठारावर लॅव्हेंडर साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत फुललेलं असतं, नंतर कापणी सुरू होते आणि लोक रिकामी शेतं बघून परत येतात.

आणि पॅरिसला गाडी घेऊच नका. रात्रभर विमानात झोपेचं खोबरं झालेलं, गाडी अनोळखी, बाजू उलटी आणि समोर पॅरिसचा रिंगरोड, कशाला तो ताप! शार्ल द गोल विमानतळावर टर्मिनल २ लाच टीजीव्हीचं, म्हणजे वेगवान रेल्वेचं स्टेशन आहे, तिथून प्रोव्हान्समधल्या अविन्योंला थेट रेल्वे असतात. पॅरिस बघून जायचं असेल तर गार द लिओं स्टेशनवरून निघा, पावणेतीन तासांच्या आतबाहेर पोचता. अविन्योंचं टीजीव्ही स्टेशन जुन्या गावाच्या बाहेर आहे, भाड्याच्या गाडीवाल्यांची ऑफिसं तिथेच, त्यामुळे जुन्या गावातल्या गल्ल्यांत शिरावंच लागत नाही. मग चार रात्री लुबरोंमध्ये काढा, गोर्द किंवा रुसियोंच्या आसपास (रुसियोंची घरं तांबडी-पिवळी आहेत कारण तिथला डोंगरच गेरूचा आहे), रविवारी सकाळी लील-स्युर-ला-सोर्गचा बाजार, आणि नंतरच्या तीन रात्री मुस्तिए-सांत-मारीकडे, तिथून वालांसोलही जवळ आणि व्हेर्दोंची खोल घळही. गाडी परत अविन्योंलाच सोडा, दुसऱ्या शहरात सोडली की वन-वेचे वेगळे पैसे लावतात.

आता उजव्या बाजूचं. क्लच-ब्रेकचा क्रम तोच असतो, फक्त स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला. पहिले दोन दिवस तुमचे मिस्टर वळायला जातील आणि वायपर सुरू होतील, कारण इंडिकेटरची दांडी डावीकडे असते, हसू नका, सगळ्यांचं होतं. खरी भीती वेगळीच. आपल्याला गाडीचा मोठा भाग डाव्या हाताला असायची सवय, तिथे तो उजव्या हाताला असतो, त्यामुळे गाडी नकळत उजवीकडे सरकते आणि आरसा कुणाच्या तरी दगडी भिंतीला घासतो. मी घासलाय, म्हणून सांगते. लक्षात एवढंच ठेवायचं की ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मधल्या रेषेकडे बसलेला हवा. चूक होते ती गर्दीत नाही, सकाळी सुनसान रस्त्याला लागताना किंवा पेट्रोल भरून बाहेर पडताना, तेव्हा शेजारी बसणाऱ्याने तोंडाने "उजवीकडे" म्हणायचं, रोज, कितीही बावळट वाटलं तरी.

आणि हा नियम निघण्याआधी पाठच करा, फ्रेंचमध्ये त्याला प्रिओरिते आ द्र्वात म्हणतात. चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, तर उजवीकडच्या रस्त्यावरून येणारा आधी जाणार, मग तो रस्ता कितीही बोळकांडीसारखा असो आणि तुम्ही कितीही मोठ्या रस्त्यावर असा. खेड्यांत म्हातारे आजोबा आपली जुनी गाडी घेऊन डावीकडे न बघता बाहेर येतात, आणि नियमाने बरोबर तेच असतात! पांढऱ्या कडेचा पिवळा चौकट-एक्क्यासारखा बोर्ड दिसला तर तुमच्या रस्त्याला मान आहे, त्यावर काळी तिरकी रेघ आली की मान संपला. सर्कलमध्ये मात्र उलटं, तिथे बहुतेक ठिकाणी प्रवेशावरच 'वाट द्या' अशा अर्थाची पाटी असते आणि आत फिरणाऱ्याला म्हणजे डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, फिरायचं घड्याळाच्या उलट दिशेने. अजून एक, लाल कडेची गावाच्या नावाची पाटी हीच ५० ची पाटी, वेगळा आकडा लिहीत नाहीत, आणि तेच नाव तिरकं खोडलेलं दिसलं की गाव संपलं.

लेक १० वर्षांच्या आतली आहे, तेव्हा ती मागे बसणार आणि तिला तिच्या मापाची बूस्टर सीट लागणार. भाड्याने मिळते पण महाग पडते, घरची घेऊन गेलात तरी चालतं.

प्रश्न: काउंटरवर काय काय मागतात? माझ्याकडे फक्त डेबिट कार्ड आहे. आणि ऑटोमॅटिक गाडी मिळते का?

उत्तर: ऑटोमॅटिक मिळते पण कमी असतात आणि भाडं जास्त, म्हणून महिनोन् महिने आधी बुक करा, नुसतं "छोटी गाडी" असं बुक केलंत तर बहुधा गिअरचीच हातात येईल. भारतीय लायसन्ससोबत आरटीओकडून मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या, ते वर्षभर चालतं, पण मूळ लायसन्स घरी ठेवून नुसतं परमिट नेलं तर उपयोग शून्य.

डेबिट कार्डावर पुष्कळ ठिकाणी चक्क नाही म्हणतात. मेन ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, कारण त्यावर डिपॉझिट ब्लॉक करतात आणि ते कित्येकदा हजार युरोच्या वर असतं, म्हणजे तेवढी लिमिट मोकळी हवी, आदल्या दिवशी हॉटेलने अडवलेली वगळून. बेसिक इन्शुरन्स भाड्यात असतो पण ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान तुमच्याच खिशातून जातं, काच-टायर तर बऱ्याचदा त्यात धरतच नाहीत. काउंटरवरचा माणूस हीच भीती घालून रोजचं महागडं कव्हर विकतो. मी ते एकदा दमलेल्या अवस्थेत घेतलं आणि नंतर कळलं की तेच कव्हर आधी बाहेरून बरंच स्वस्तात मिळालं असतं. काहीही घ्या, चावी घेतल्यावर गाडीचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढा, व्हील आणि छत विसरू नका.

प्रश्न: आम्ही गेल्या वर्षी जाऊन आलो. परतल्यावर कंपनीने कार्डावरून ४० युरो कापले आणि नंतर दंडाचं पत्र वेगळं आलं. एकाच गुन्ह्याचे दोनदा पैसे?

उत्तर: दोनदा नाही हो. कॅमेऱ्याने पकडलं की नोटीस आधी गाडीच्या मालकाकडे जाते, मालक तुमचं नाव-पत्ता सरकारला कळवतो आणि त्या कारकुनीचे पैसे कापतो, ते ॲग्रीमेंटच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. दंड वेगळा. हल्ली टोलचंही असंच होतं. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए१३-ए१४ वर २०२४ पासून टोलनाकेच नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो आणि आपण ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरायचे, न भरले तर दंड. बाकी टोलच्या बहुतेक हायवेंवर नाके आहेत, केशरी रंगात नुसता "टी" लिहिलेल्या लेनमध्ये शिरू नका, ती टॅगवाल्यांची, आणि मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत असताना रिव्हर्स घेणं काय असतं ते विचारू नका.

प्रश्न: पेट्रोलचं काय?

उत्तर: तिथे "गाझोल" म्हणजे डिझेल. गॅसोलिनसारखं ऐकू येतं म्हणून लोक फसतात आणि इंजिनाची वाट लावतात. पेट्रोल म्हणजे "सां प्लों" ९५ किंवा ९८, नाहीतर ई१०, झाकणाच्या आत लिहिलेलं असतं ते बघून भरा. हायवेवर महाग, सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त, पण रविवारी तिथे माणूस नसतो, मशीनला पिनवालं कार्ड लागतं. खेड्यातली गाडीची ऑफिसंसुद्धा दुपारी १२ ते २ आणि रविवारी बंद असतात, तेव्हा गाडी परत द्यायची वेळ बघून विमान बुक करा, आणि जेवायलाही २ च्या आत बसा, नंतर किचन बंद होतं आणि कितीही गोड बोललात तरी उघडत नाही.