कुरियरमध्ये रेकॉर्ड फुटली, तर भरपाई कोणी द्यायची?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: मुंबईच्या एका विक्रेत्याकडून तुम्ही ऑनलाइन दोन एलपी (बारा इंची ग्रामोफोन रेकॉर्ड) आणि एक ७८ ची रेकॉर्ड (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी) मागवली. पार्सल कोल्हापुरात घरी आले तेव्हा एका एलपीच्या कव्हरची खालची शिवण फाटलेली होती आणि ७८ च्या रेकॉर्डचे दोन तुकडे झाले होते. विक्रेता म्हणतो, माल माझ्याकडून धडधाकट निघाला, आता काय ते कुरियरवाल्याला विचारा. माझ्या मते जबाबदारी विक्रेत्याची आहे, आणि त्याचा पुरावा फुटलेल्या मालातच दिसतो आहे.

मीही कोल्हापुरातच, राजारामपुरीत राहतो. बरीच वर्षे रेकॉर्ड जमवतो आणि एकाच्या दोन झालेल्या अधूनमधून विकतोही, त्यामुळे या बाबतीत दोन्ही बाजूंनी हात पोळून घेतलेले आहेत.

आधी शिवणीचे पाहू. बारा इंची एलपीचे वजन साधारण १२० ते १८० ग्रॅम असते. पार्सल कडेवर पडले की खोके जमिनीला टेकून थांबते, पण आतली तबकडी त्याच वेगाने खाली येत राहते आणि कव्हरची चिकटवलेली शिवण आतून सुरीने कापावी तशी कापते. त्यासाठी पार्सल फेकावेही लागत नाही. टेबलाच्या उंचीवरून एकदा निसटले तरी पुरते, आणि बाहेरून खोक्यावर ओरखडाही दिसत नाही. म्हणून शिवण अशी फाटलेली दिसली, की रेकॉर्ड कव्हरातच ठेवून पाठवली होती, हे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. जाणता विक्रेता रेकॉर्ड तिच्या आतल्या पाकिटासह कव्हरातून बाहेर काढतो, कव्हराच्या मागे ठेवतो आणि दोन्ही मिळून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो. या कामाला अर्धा मिनिट लागतो आणि पैसा एकही लागत नाही.

७८ च्या रेकॉर्डची गोष्ट वेगळी आहे. ती लाखेत खनिजाची भुकटी मिसळून केलेली असते. एलपीसारखी ती वाकत नाही, सरळ फुटते. तडा मधल्या भोकाजवळून आरपार गेला असेल, तर बहुतेक वेळा रेकॉर्डवर वाकवणारा दाब आला आणि दोन्ही बाजूंना ताठ पुठ्ठा नव्हता, असे समजावे. कडेचा टवका उडाला असेल, तर खोक्यात मोकळी जागा राहिली होती आणि रेकॉर्ड आत सरकून आपटत होती. याउलट खोकेच चेपलेले, भोसकलेले किंवा पाण्याने भिजून मऊ झालेले असेल आणि आत पुठ्ठे, बबल रॅप सगळे नीट घातलेले असेल, तर दोष वाहतुकीचा धरावा. अशा वेळी विक्रेत्यावर तोंड टाकणे मला बरे वाटत नाही, मात्र पैशांचा हिशेब त्या वेळीही आधी त्याच्याशीच होतो. तो का, हे पुढे सांगतो.

मी असे एक पार्सल घेतलेले आहे. केसरबाई केरकरांची ७८ ची रेकॉर्ड होती. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते आणि केसरबाई त्यांच्या शिष्या, तेव्हा कोल्हापूरच्या माणसाला त्या रेकॉर्डचे किती अप्रूप असेल ते तुम्हाला सांगायला नको. कुरियरच्या मुलाने जिन्यात पार्सल हातात दिले आणि पिशवीत कौलांचे तुकडे भरावेत तसा आवाज आला. आत साडीचे खोके, त्यात चुरगळलेली दोन वर्तमानपत्रे आणि रेकॉर्डचे तीन तुकडे होते. मधले लेबल मात्र शाबूत होते आणि त्यावर जुन्या मालकाने निळ्या शाईने घातलेला क्रमांकही स्पष्ट वाचता येत होता. तुम्ही पोच घेताना सही केली आहे, असे विक्रेत्याने मला सुनावले. तीन आठवडे लिहालिही झाल्यावर त्याने निम्मे पैसे परत केले आणि मीही कंटाळून ते घेतले. आज मी पूर्ण पैसे मागितले असते.

चूक माझ्याकडूनही झाली आहे. नागपूरला पाठवलेली एक एलपी मी घाईत कव्हरातच ठेवली आणि खोक्यावर लाल अक्षरांत ‘नाजूक’ असे लिहून निर्धास्त झालो. शिवण फाटल्याचा फोटो आला तेव्हा ११०० रुपयांपैकी ४०० परत केले, कारण रेकॉर्ड उत्तम वाजत होती आणि नुकसान कव्हराचेच होते. जिथे दिवसाला हजारो पार्सले इकडून तिकडे टाकली जातात, तिथे ती अक्षरे कोण वाचत बसणार? आपला गुळाचा व्यापारी ढेप बारदानात बांधून ट्रकवर चढवतो, तेव्हा हमाल ती फुलासारखी उतरवेल असे धरून चालत नाही. पार्सल आपटणारच असे समजूनच ते बांधायचे असते, म्हणून ‘कुरियरवाल्याने आपटले’ हे उत्तर मला अपुरे वाटते.

चांगले बांधणे कसे असते, तेही सांगतो, म्हणजे तुमच्या पार्सलात काय नव्हते ते तुम्हाला मुद्देसूद लिहिता येईल. रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना तिच्यापेक्षा थोडे मोठे, खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचे तुकडे हवेत आणि एकाच्या पन्हळी उभ्या असतील तर दुसऱ्याच्या आडव्या हव्यात, म्हणजे गठ्ठा कोणत्याच दिशेने वाकत नाही. बाहेरचे खोके इतके मोठे हवे की चारही कोपऱ्यांना भरण घालता येईल, आणि बंद केल्यावर हलवून पाहिले तर आत काहीही सरकता कामा नये. ७८ च्या रेकॉर्डसाठी खोक्यात खोके आणि दोन्हींच्या मध्ये चहूबाजूंनी निदान चार-पाच सेंटिमीटर भरण लागते. त्याचा खर्च मोठा येतो, तो विक्रेत्याने किमतीत उघड लावावा. मी तो आनंदाने देतो.

आता कायद्याकडे वळतो. मी वकील नाही, पण या तरतुदी मी स्वतः वाचल्या आहेत. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ३९ प्रमाणे वाहतूकदाराकडे माल सोपवला, की तो सकृद्दर्शनी ग्राहकाला दिल्यासारखाच मानला जातो. तुमचा विक्रेता नेमके एवढेच सांगतो आहे. त्याच कलमाचा पुढचा भाग मात्र सांगतो, की मालाचे स्वरूप पाहून वाहतुकीची वाजवी व्यवस्था विक्रेत्याने केली पाहिजे, आणि ती न केल्यामुळे माल खराब झाला तर ग्राहक त्याला जबाबदार धरू शकतो. लाखेची रेकॉर्ड पातळ खोक्यातून साध्या पार्सलने पाठवणे यात बसत नाही, असे मला वाटते. कुरियरशी करारही त्यानेच केला आणि पावतीही त्याच्याकडेच आहे, तेव्हा कुरियरकडून भरपाई मिळवायची तर ती त्याने मागावी. सहीचा मुद्दाही टिकत नाही, कारण माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असे कलम ४१ मानत नाही. मात्र कळवायला उशीर करू नका. बराच काळ गप्प बसलात तर स्वीकारल्यासारखेच होते.

हा विक्रेता नियमित धंदा करणारा आहे की घरातला जुना साठा काढणारा, एवढे पाहून घ्या. २०२० चे ई-कॉमर्स नियम घरगुती, हौशी विक्रीला लागू होत नाहीत. धंदेवाईक विक्रेत्याला मात्र सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि ज्या संकेतस्थळावरून खरेदी झाली त्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देऊन महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो. त्यानेही भागले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे मुंबईला खेटे घालण्याची गरज नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही.

तुमच्या जागी मी असतो, तर आजच विक्रेत्याला एकच पत्र लिहिले असते. सोबत खोक्याच्या सहाही बाजू, आतले भरण, शिवण आणि तुकडे यांचे फोटो जोडून ७८ च्या रेकॉर्डचे पूर्ण पैसे मागितले असते. एलपी वाजवून पाहा; नीट वाजत असेल तर ती ठेवून कव्हरापुरती रक्कम मागा, सगळी परत करण्याचा हट्ट धरू नका. आणि पैसे खात्यावर येईपर्यंत ते खोके रद्दीवाल्याला घालू नका.