बहिणीची परीक्षा आणि तुझी खुर्ची

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू ‘होय सर, होय सर’ म्हणतोस आणि शेवटी स्वतःला हवं तेच करतोस. म्हणून कागद घेतला.

तुझी धाकटी बहीण कराटेत ब्राऊन बेल्टवर येऊन दोन वर्षं होत आली, तिची ब्लॅक बेल्टची परीक्षा मीच घेतली तर चालेल का, असं विचारलंयस. खाली आणखी लिहिलंयस, ‘पक्षपात करणार नाही सर, उलट तिला इतरांपेक्षा जास्तच घासून घेईन.’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. चार पानं लागणार आहेत ती या दुसऱ्या वाक्यापायी. हेच वाक्य मी वीसेक वर्षांपूर्वी आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या वर्गात, पालकांसमोर छाती काढून बोललो होतो.

तेव्हा आमचा थोरला अकरा वर्षांचा. हिरव्या पट्ट्याच्या पुढची परीक्षा, काता (म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली) हेयान योंदान. त्यात योको-गेरी येते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एका पायावर उभं राहून कडेला लाथ, तिच्याबरोबरच मूठ, आणि पाय खाली टेकता टेकता कोपर. लहान पोरांचा घोटाळा इथे ठरलेला: लाथ वर गेली की उभ्या पायाची टाच सुटते. आमच्या थोरल्याची सुटली. उजवीकडच्या लाथेला, बोटभर. मी लाल पेनाने गोल केला, ‘तोल नाही’ असं लिहिलं आणि निकाल वाचताना नापासांत त्याचं नाव सगळ्यांत आधी घेतलं. आधी घेतलं ते मुद्दाम. मागे भिंतीला टेकून पालक उभे होते. त्यातलेच एक वडगावचे गृहस्थ महिन्याभरापूर्वी शेजारच्याला म्हणाले होते, ‘सर मगा अल्लेन्री, पास आगतान बिड्री.’ सरांचाच मुलगा ना, होतोय की पास. ते फिरत फिरत माझ्या कानावर आलं होतं. मला त्या गृहस्थांना उत्तर द्यायचं होतं, आणि ते मी अकरा वर्षांच्या पोराच्या कागदावर लिहिलं.

रात्री गुणपत्रकं फाईलला लावायला बसलो. त्याच दिवशी, त्याच कात्यात टाच सुटलेली आणखी दोघं निघाली. दोघांच्याही पुढे माझ्याच अक्षरात ‘टाचेकडे लक्ष द्यावे’ आणि खाली पास. बायको भाकरी थापत होती. मागे न वळता म्हणाली, ‘पोरगं माडीवर रडायलंय. सर आल्यात म्हणून खाली येईना. बाबा आल्यात म्हणून सांगू काय?’

तो त्यानंतर तीन महिने वर्गाला आला. मग टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू झालं. आज पुण्यात असतो, बरं चाललंय, दर रविवारी फोन करतो. कराटेचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

तेव्हा घासून घेणं हाही पक्षपातच, बाळ. पारडं या बाजूला दाबलं काय, त्या बाजूला दाबलं काय, माप खोटंच. लाडाने पट्टा देणाऱ्याला निदान लोक नावं ठेवतात. पोटच्या पोरावर अन्याय करणाऱ्याची मात्र वाहवा होते. त्या संध्याकाळी मला दोघा-तिघांनी हात मिळवून ‘सर, मानलं’ म्हटलं होतं, आणि मला ते आवडलंही होतं.

लाडाच्या पट्ट्याबद्दल फार लिहीत नाही, ते तुलाही दिसतं. मी शिकत होतो तेव्हा एका शिक्षकांच्या भाच्याला असाच काळा पट्टा मिळाला होता. आम्ही बाकीचे वर्षभर धुसफुसलो. पण खरे हाल झाले त्या भाच्याचे. कुमितेची, म्हणजे समोरासमोर लढायची, वेळ आली की त्याचा गुडघा दुखायचा. पट्टा कमरेला होता, पण तो आपला आहे का, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

आता तू म्हणशील, घरच्याने घरच्याला शिकवायचं नाही तर मग कुणी शिकवायचं? शिकवायला कोण नको म्हणतंय? आपल्याकडची सगळी विद्या अशीच आली आहे. खाशाबा जाधवांना कुस्तीचे पहिले धडे वडिलांनीच दिले, आणि 1952 साली हेलसिंकीला ते कांस्यपदक घेऊन आले. पण त्यात एक गोष्ट बघ. वस्तादाचा पोरगा तालमीत बापाकडे शिकतो, मैदानात मात्र हलगी वाजते, जोड लागते, समोर परगावचा गडी असतो आणि पाठ मातीला लागली की लागली. आनंदवाडीच्या आखाड्यात बापाने कितीही मिशीला पीळ दिला तरी चितपट झालेली कुस्ती त्याला उलटवता येत नाही. ब्राझीलच्या जिउ-जित्सूवाल्या ग्रेसी घराण्याचंही तसंच. तिथे बाप-चुलत्यांनी पोरांना पट्टे दिले, त्यात कुणाला काही वाटलं नाही. पुढे 1993 साली त्यांच्यातला हॉइस अमेरिकेत पिंजऱ्यातल्या लढतींत उतरला आणि एका रात्रीत आपल्यापेक्षा जड गडी हरवून बसला. पट्टा घरचा होता, पण पारख परक्यांनी केली.

आपल्या परीक्षेत ती माती नाही. कात्यात समोर कुणीच नसतं. झेनकुत्सु, म्हणजे पुढचा गुडघा वाकवलेला पवित्रा, पुरेसा खाली होता का, हिकिते, म्हणजे कमरेशी ओढायचा हात, शेवटपर्यंत मागे आला का, हे सगळं परीक्षकाच्या डोळ्यात ठरतं. तोच डोळा घरचा असला तर पारखायला दुसरं काही उरत नाही.

ही दान-क्यूची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या आणि त्याखालच्या पायऱ्यांची, भानगड मुळात कुठून आली हे तुला मी वर्गात कधी नीट सांगितलं नाही. जपानमधल्या जुन्या घराण्यांत गुरू शिष्याला गुंडाळ्या द्यायचा, मोकुरोकु, मेन्क्यो वगैरे. ते त्या घराण्यापुरतं. 1883 साली ज्युदोच्या कानो जिगोरोंनी आपल्या दोन शिष्यांना पहिला दान दिला आणि पायऱ्यांची पद्धत सुरू केली. कराटे जपानात रुजवणाऱ्या फुनाकोशींनी ती उचलून 1924 साली कराटेत पहिले दान दिले. म्हणजे तू कमरेला बांधतोस ती पद्धत कराटेत येऊन अजून फार काळ झालेला नाही. गादी वेगळी आणि पायरी वेगळी, एवढं यातून घे. ऐकिदो या दुसऱ्या जपानी विद्येत ती सुरू करणाऱ्या उएशिबांच्या मागे 1969 साली मुलगा बसला, 1999 साली नातू बसला. गादी आहे, वारशाने चालते, बसू दे. पण पायरी म्हणजे ‘ही बाई एवढं करू शकते’ असं बाकीच्या जगाला दिलेलं लेखी. ते लेखी भावाच्या सहीचं असलं तर वाचणारा सही वाचतो, मजकूर वाचत नाही.

मी हायस्कुलात आयुष्य काढलं. परीक्षेचं काम आलं की आधी लिहून द्यावं लागायचं, जवळचं कुणी यंदा परीक्षेला नाही. असलं तर काम दुसऱ्याकडे. त्यात कुणाला अपमान वाटत नसे. टोकियो ऑलिंपिकमध्ये कात्याला सात पंच बसवले होते; वरचे दोन आकडे आणि खालचे दोन आकडे बाद करून मधल्या तिघांवर निकाल. एवढ्या मोठ्या पंचांवरही भरवसा नाही म्हणून ही तजवीज, आणि आपण एका प्लास्टिकच्या खुर्चीवर एकटे बसून ‘मी पक्षपात करणार नाही’ म्हणतो.

खानापुरात सात पंच कुठून आणणार, हे मलाही कळतं. तिथे तर चटया पुऱ्या पडत नाहीत. शिवाय गाव नात्यागोत्याचं. पावणे वगळायचे म्हटलं तर तुझा अर्धा वर्ग रिकामा होईल. एक मामेभाऊ, एक भावकीतला, एक वहिनीची बहीण. तेवढं ताणू नकोस. ज्याचं ताट रोज तुझ्या ताटाशेजारी वाढलं जातं, त्याच्यापुरतं बघ. आणि तेही सगळ्या पट्ट्यांना नाही. पिवळा, केशरी, हिरवा हे वर्गातले टप्पे, शिकवताना रोज परीक्षा चालूच असते, ते तू घे. ब्राऊनला आणि काळ्याला मात्र त्या खुर्चीवरून ऊठ.

उठलास म्हणजे तुझं काम संपलं असं नाही. ती परीक्षेला बसायला तयार आहे की नाही, हे तूच ठरवायचंस. तिला तापातही सराव करताना तू पाहिलंयस, पावसाळ्यात दांड्या मारतानाही पाहिलंयस. तासाभरासाठी आलेल्या परीक्षकाला त्यातलं काहीच दिसणार नाही. बसवणं तुझं, निकाल दुसऱ्याचा. पट्टा बांधायची वेळ आली तर तो खुशाल तू बांध.

कुमितेकडे नीट लक्ष दे, कारण इथली चोरी तू करत नाहीस, पोरं करतात. ‘सरांची बहीण’ म्हटल्यावर समोरचा हात आखडून मारतो. तुझ्या वर्गात गेली दोन वर्षं तिच्यावर कुणी खरी ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताची मूठ, टाकली आहे का, आठवून बघ. मला तरी मागच्या खेपेला आलो तेव्हा दिसली नाही. तिची चूक नाही, पण तिला मार चुकवता येतो की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही, तिला सुद्धा. तिच्यासाठी जोडीदार बाहेरच्या वर्गातला मागव. तोही आधी भेटवू नकोस.

आणि परीक्षक बदलून घेताना अदलाबदलीचा व्यवहार होऊ देऊ नकोस. ‘मी तुमच्या पुतण्याची घेतो, तुम्ही माझ्या बहिणीची घ्या’ असं एकाच महिन्यात ठरलं की दोघांच्याही मनात हिशेब सुरू होतो. नाव सांगायचं नाही, पाठीवर नंबर लावायचा, चारपाच पोरांत तिलाही उभी करायची. फी तिचीही घ्यायची, बाकीच्यांसारखीच पाकिटातून, बाकीच्यांच्या रांगेतून. घरचं म्हणून माफ केलेले ते पैसे तिला पुढे फार महाग पडतील.

थोरल्यानंतर माझ्या धाकट्या मुलीच्या वेळेला मी हे सगळं केलं. तिची परीक्षा निपाणीला, आपल्याच शैलीतल्या एका परीक्षकांकडे. पाऊस होता. मी आत गेलो नाही, बाहेर पायरीवर चपलांच्या ढिगाशेजारी बसलो. आतून पंधरा पोरांचे किआई, म्हणजे मारतानाचे ओरडे, येत होते, त्यातला आपला कुठला हे बरोबर कळतं, सांगायला लागत नाही. दीड तासाने बाहेर आली. किहोन (मूळचे मार आणि अडवणी), काता पास. कुमितेत नापास, सहा महिन्यांनी या.

बसमध्ये संकेश्वर गेलं तरी बोलली नाही. हत्तरगी नाक्याला गाडी थांबली आणि तिचा बांध फुटला. त्या सरांना काय कळतंय, समोरच्या मुलीचा पॉइंट आधी नव्हताच, ते मोबाईल बघायलेले, मी बघितलंय. मी ‘होय की’ म्हणत राहिलो. काकती येईपर्यंत त्या गृहस्थांचा तिने पार चेंदा केला. आत काय झालं असेल हे मला न बघताच ठाऊक होतं. पॉइंट घेतला की तिचे दोन्ही हात खाली पडायचे, झानशिन, म्हणजे मारल्यावरही सावध राहणं, नाही. मीच वर्षभर ओरडत होतो. मीही तिला नापासच केलं असतं. पण त्या दिवशी ते सांगायचं काम माझं नव्हतं. माझं काम खिडकीकडची सीट तिला देऊन शेजारी बसायचं. घरी आल्यावर आईला तेच सगळं पुन्हा सांगितलं, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून म्हणाली, बाबा, हात खाली पडतात काय हो माझे?

थोरल्याला ती बस मिळाली नाही. नापास करणारा आणि घरी नेणारा एकच माणूस होता. तो माडीवर जाऊन बसला, दुसरं करणार काय?

तुझी बहीण नापास होईल असं मी म्हणत नाही, तिचा बास्साई दाई हा काता मला आवडतो. पण झालीच, तर शिव्या द्यायला एक माणूस लागेल आणि त्या ऐकायला दुसरा. दोन्ही तूच होऊ नकोस.

आता राहिली गोष्ट तू न लिहिलेली. ‘मग सर, तुम्हीच घ्या ना’ हे तुझ्या मनात आहे, मेसेजच्या शेवटच्या तीन टिंबांत मला ते दिसलं. मलाही ते करता येणार नाही. तू माझा विद्यार्थी, ती तुझी बहीण, पाचवीत होती तेव्हापासून मला आजोबा म्हणते. गेल्या उन्हाळ्यात तुमच्याकडे चार दिवस राहून जेवून आलोय. गणपती झाल्यावर दोन परीक्षकांशी बोलतो, दोघंही तुम्हाला ओळखत नाहीत. तारीख ठरली की कळवतो. त्या दिवशी तू तिला घेऊन ये, पण हॉलच्या दारापर्यंतच. पलीकडे चहाची गाडी आहे, मी तिथेच असेन.

आईला म्हणावं, सांडगे पोचले, फार खुसखुशीत झालेत. पुढचा डबा मात्र निकाल लागल्यावरच पाठवा.

तुझा,
सर